एक वर्षाचं मास्तरपण

गार्लंड टीग आमच्या हायस्कुलात बीजगणित शिकवायला आला तेव्हा पन्नाशीला टेकला होता आणि त्याच्या डाव्या हाताला साडेतीन बोटं होती. बाकीची तेलविहीर खणणाऱ्या रिगवर राहिली होती. पहिल्या आठवड्यात पोरांनी त्याला मनापासून विचारलेला एकच प्रश्न त्या बोटांबद्दल होता. साखळीजवळ हात होता आणि लक्ष दुसरीकडे होतं, असं त्याने सांगितलं, आणि फळ्याकडे वळत म्हणाला, "समीकरणातही असंच होतं." वर्ग हसला नाही. हा विनोद होता हे कळायला ऑक्टोबर उजाडला.

लॅम्सडेन हे आमचं गाव, ओडेसा या तेलावर जगणाऱ्या शहराच्या पश्चिमेला. इथे तेलाचा भाव चढला की शाळेला शिक्षक मिळत नाहीत, कारण शिक्षकच ट्रक चालवायला जातात. भाव पडला की मिळतात, कारण ट्रकवाल्यांना दुसरं काही उरत नाही. त्या वर्षी भाव पडलेला होता. तेलाच्या कंपनीने निम्म्या रिग उतरवून यार्डात रचून ठेवल्या होत्या आणि त्यांच्याबरोबर टीगलाही घरी बसवलं होतं. वीसेक वर्षं त्याने रिगवर काढली होती, शेवटची काही सुरक्षेचा माणूस म्हणून. म्हणजे लोक पडू नयेत, भाजू नयेत, चिरडू नयेत हे बघायचं आणि तरी पडले, भाजले, चिरडले की का ते सांगायचं.

तरुणपणी त्याने एका सरकारी कॉलेजातून कुरणशास्त्राची पदवी घेतली होती. कुठलं गवत किती गुरांना पुरेल, याची. आमच्या राज्यात मास्तर व्हायला कुठलीही एक पदवी, विषयाची एक परीक्षा आणि प्रमाणपत्र मिळवून देणारी एखादी खासगी कंपनी एवढं पुरतं. ही कंपनी तुम्हाला घरबसल्या व्हिडिओ दाखवते. मुलांना नावाने हाक मारावी, दाराशी उभं राहून स्वागत करावं, आवाज न चढवता दरारा ठेवावा. मधेमधे प्रश्न येतात, उत्तर चुकलं तर तोच प्रश्न पुन्हा येतो, बरोबर येईपर्यंत. उन्हाळ्यात हे उरकलं की एक वर्षाचं कच्चं प्रमाणपत्र हातात पडतं. वर्षाच्या शेवटी मुख्याध्यापकांनी शिफारस केली तर पक्कं. नाही केली तर तुम्ही परत गवताचे जाणकार.

टीगला ते पक्कं प्रमाणपत्र हवं होतं, आणि त्याचं कारण रोंडा होती. रोंडा त्याची बायको, दाताच्या दवाखान्यात फोन घ्यायची. एवढ्या वर्षांत तिला एक खोड लागली होती: घरचा फोन वाजला की आधी खुर्ची ओढून बसायचं आणि मग उचलायचा. रिगवर परत जाणार नाही असा शब्द त्याने तिला दिला होता, आणि आमच्या गावात रिग सोडून जगायचं तर शाळा, तुरुंग नाहीतर दाताचा दवाखाना.

मी शेजारच्या पोर्टेबलमध्ये इतिहास शिकवतो. पोर्टेबल म्हणजे चाकं काढलेली, तात्पुरती म्हणून आणलेली लाकडी खोली. आमच्या तात्पुरत्या खोल्यांना आता तिसरी पिढी शिकून गेली. मधली भिंत पातळ, त्यामुळे टीगचं मास्तरपण मी पूर्ण ऐकलं आहे.

सुरुवात वाईट होती. दाराशी उभं राहून त्याने स्वागत केलं तर पोरांना वाटलं झडती घेतोय. आवाज न चढवता दरारा ठेवायला गेला तर त्याचा आवाजच कुणाला ऐकू गेला नाही. शिक्षकांच्या खोलीत खेळाचा कोच मॅब्री त्याच्यासमोरच म्हणायचा, "एका उन्हाळ्यात मास्तर. माझ्या बायकोने मागवलेला ओव्हन यायला याहून जास्त वेळ लागला." टीग शांतपणे विचारायचा, "मग चालतोय का तो?" कोच म्हणायचा नाही. टीग मान हलवून आपलं सँडविच खायचा.

नोव्हेंबरअखेर थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीनंतर त्याने व्हिडिओ सोडून दिले आणि जे येत होतं ते करू लागला. रिगवर कामाची पाळी सुरू होण्याआधी सगळे गोल उभे राहतात आणि आज काय काय बिघडू शकतं ते बोलतात. टीगने तेच वर्गात आणलं. तास सुरू झाला की पाच मिनिटं: आज काय बिघडेल? पोरं म्हणाली, "बीजगणितात काय बिघडणार, मिस्टर?" आमच्याकडची पोरं शिक्षकाला नुसतं मिस्टर म्हणतात, पुढे नाव लावायचे कष्ट घेत नाहीत. टीग म्हणायचा, वजाचं चिन्ह. कंस उघडताना ते निसटतं आणि खाली उभ्या असलेल्याच्या डोक्यात पडतं.

रिगचा दुसरा एक रिवाजही त्याने आणला. तिथे कुणीही, अगदी काल लागलेला गडीसुद्धा, 'काम थांबवा' म्हणू शकतो, आणि तो म्हणाला की थांबवायचं. चुकून म्हणाला तरी कुणी बोल लावत नाही, उलट आभार मानतात. हा नियम ऐकल्यावर वर्गाने आठवडाभर काहीच होऊ दिलं नाही. पेन्सिल मोडली, काम थांबवा. माशी आली, काम थांबवा. टीग दर वेळी थांबायचा आणि दर वेळी आभार मानायचा. मी भिंतीपलीकडून मनात म्हणत होतो की हा माणूस नाताळपर्यंत टिकत नाही.

मग एका दुपारी एका मुलीचा आवाज आला. थांबा, म्हणाली, तिसऱ्या ओळीपासून मला काही कळलेलं नाही. टीग तिसऱ्या ओळीवर परत गेला.

ही यादीरा लुहान. शाळेचं शेवटचं वर्ष, बीजगणिताच्या राज्य-परीक्षेत चार वेळा नापास. चार वर्षं ती मागच्या बाकावर इतक्या शिस्तीत गप्प बसली होती की प्रत्येक शिक्षकाने तिच्या प्रगतिपुस्तकात 'वर्तन उत्तम' लिहिलं होतं. मीही लिहिलं होतं. तिचे एकूण तीन विषय अडकले होते. दोनपर्यंत अडकलेल्याला शाळेची समिती पदरात घेऊन शाळा पूर्ण केल्याची पदवी देऊ शकते, तीन अडकलेल्याला नाही. म्हणजे बीजगणित सुटलं की सगळं सुटत होतं. पदवी असती तर ओडेसाच्या कॉलेजात नर्सच्या मदतनिसाचा वर्ग होता, तिथे तिची आत्या कामाला होती आणि जागा धरून ठेवली होती. त्या दुपारपासून शाळा सुटल्यावर रोज ती टीगकडे बसू लागली. भिंतीतून मला तेच ऐकू यायचं: थांबा. बरं. थांबा. बरं. एप्रिलपर्यंत 'थांबा' कमी झालं आणि 'बरं' वाढलं.

मेच्या पहिल्या आठवड्यात राज्य-परीक्षा आली. मुख्य इमारत पहिल्यांदा बसणाऱ्यांनी भरली, त्यामुळे पुन्हा बसणारी सात मुलं टीगच्या पोर्टेबलमध्ये. देखरेखीला टीगच. परीक्षेचे नियम आम्हाला दर वर्षी समजावून देतात आणि ते पाळायची शपथ घ्यायला लावतात. त्यातल्या एका भागाचा शेवट टीगने नीट वाचला नव्हता, किंवा वाचला होता आणि त्याच्या अंगात शिरला नव्हता: आणीबाणीत मुलांना बाहेर काढावं लागलं तर खोलीला कुलूप लावायचं, मुलांना एकत्र ठेवायचं आणि कुणालाही एक शब्द बोलू द्यायचा नाही. तेवढं पाळलं की परत येऊन उरलेली परीक्षा देता येते.

आमच्याकडे जमिनीतून तेलाबरोबर एक वायू येतो, सडक्या अंड्यांच्या वासाचा. गावाला त्या वासाची सवय आहे. नवा माणूस नाक मुरडतो तेव्हा आम्ही सांगतो, पगाराचा वास आहे तो. पण फार आला तर माणूस कसलीही तक्रार न करता खाली बसतो आणि उठत नाही. शाळेच्या नैर्ऋत्येला, सॉफ्टबॉलच्या मैदानापलीकडे, तेलाच्या टाक्या आहेत. परीक्षा सुरू होऊन तासभर झाला आणि वास आला. मलाही आला. मी पगाराचा समजून वर्ग चालू ठेवला.

टीगने पेपर बंद करायला लावले, कुलूप घातलं आणि सातही जणांना वाऱ्याला आडवं चालवत पार बसच्या आवारापर्यंत नेलं. इथपर्यंत त्याने शाळेचाच नियम पाळला. मग रिगचा पाळला. तिथे वायू सुटल्यावर माणसं एका जागी जमली की त्यांना बोलतं ठेवतात, कारण गप्प झालेला माणूस म्हणजे वायू लागलेला माणूस. त्याने सातही जणांना सांगितलं: डोकं दुखतंय का, डोळे चुरचुरतात का, काहीही सांगा, पण बोलत राहा, थांबू नका.

पोरं बोलली. आधी डोळ्यांबद्दल, मग शेजारच्याच्या तोंडाच्या वासाबद्दल, मग तासभर जे डोक्यात होतं त्याबद्दल. एकाने चौदाव्या प्रश्नाचं उत्तर काय लिहिलंस असं विचारलं, दुसऱ्याने सांगितलं, तिसरा म्हणाला साफ चूक. यादीरा हसत होती. टीग नंतर मला म्हणाला की वर्षभरात तिचे दात त्याने तेव्हा पहिल्यांदा पाहिले. "मिस्टर, माझा झाला सगळा," ती म्हणाली. "शेवटच्यापर्यंत. आणि मला एकदाही थांबा म्हणावंसं वाटलं नाही."

अग्निशामक दलाचा माणूस मीटर घेऊन आला तोपर्यंत वारा फिरला होता. मीटरने काही दाखवलं नाही. टाक्यांच्या कंपनीनेही सगळं ठीक असल्याचं कळवलं. दुपारी एका टाकीवर नवीकोरी झडप चमकत होती असं काहीजण म्हणतात. मी बघायला गेलो नाही. टीगला कुणी दोष दिला नाही, मुख्याध्यापिका कॅसलबेरी बाईंनी तर सर्वांसमोर त्याला शाबासकी दिली. मुलं खोलीत परतली, राहिलेल्यांनी पेपर पुरा केला. मग परीक्षेचं काम बघणारा ओव्हरबी कागद गोळा करायला आला आणि रिवाज म्हणून त्याने विचारलं, बाहेर कुणी बोललं नाही ना?

टीगने तोंड उघडलं तेवढ्यात कॅसलबेरी बाई मध्ये पडल्या. आता सगळे दमलेत, म्हणाल्या, उद्या सकाळी शांतपणे आठवून सांगा. बाईंनी तीस वर्षं शाळा चालवली आहे. कुठल्या प्रश्नाला रात्रभर मुरू द्यावं हे त्यांना कळतं.

शाळा सुटल्यावर टीग पोर्टेबलच्या पायरीवर बसला होता आणि मी माझ्या पायरीवर. आवाराच्या टोकाहून यादीरा आली. "मिस्टर, आम्ही सगळ्यांनी ठरवलंय," ती म्हणाली. "कोणी काही बोललेलं नाही. आम्ही आकाशाकडे बघत उभे होतो. तुम्ही फक्त मध्ये घोळ घालू नका." ती गेल्यावर मी त्याला म्हटलं, पोरगी शहाणी आहे. एक 'नाही' म्हणायचं, तिचं काम होतंय, तुझंही होतंय, आणि नुकसान झालेला माणूस शोधूनही सापडणार नाही.

तेव्हा त्याने मला कोल्बी नावाच्या गड्याची गोष्ट सांगितली. कोल्बी रिगच्या वरच्या मजल्यावर काम करायचा. एका सकाळी घाई होती म्हणून पाळीआधीची बैठक झाली नाही, आणि त्याच सकाळी कोल्बी सुरक्षेचा पट्टा न अडकवता वर गेला आणि खाली आला. चौकशीचे लोक येण्याआधी साहेबाने टीगला समजावलं: बैठक झाली होती असं सांग, म्हणजे कंपनी मोकळी आणि विमा लवकर सुटेल, मागे राहिलेल्या बायकोचंच भलं. टीगने तसंच सांगितलं. मग निकाल लागला: सकाळच्याच बैठकीत पट्ट्याबद्दल बजावलं असूनही गड्याने ऐकलं नाही, चूक त्याचीच. बायकोला पुढे जे काही मिळालं ते त्या चुकीचा वाटा कापून.

"तेव्हाही नुकसान होणारा माणूस कुणाला दिसला नव्हता," टीग म्हणाला.

मी म्हटलं, त्याचा इथे काय संबंध? तो म्हणाला, नसेल. पण चौकशीवाल्याने विचारलं की झालं ते सांगायचं, एवढं एक त्याने त्या दिवसापासून धरून ठेवलं होतं, आणि धरून ठेवायला त्याच्याकडे बोटं कमीच होती. हा विनोद मला लगेच कळला. हसू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंच्या खोलीत साक्षीदार म्हणून मला बसवलं होतं. ओव्हरबीने विचारलं, मुलं बोलली का?

"बोलली," टीग म्हणाला.

"गार्लंड, नीट आठवा," कॅसलबेरी बाई म्हणाल्या. "कुणी खोकलं असेल, कुणी पाणी मागितलं असेल. परीक्षेबद्दल कुणी बोललं नाही, असंच ना?"

"परीक्षेबद्दलच बोलली. मी बोलत राहायला लावलं होतं. तासभर त्यातच बुडालेली पोरं, दुसरं काय बोलणार?"

"कोण काय बोललं ते तुम्हाला आता आठवत नसेल."

"आठवतंय."

ओव्हरबीने पेन खाली ठेवलं. त्याचाही नाइलाज होता, तो वाईट माणूस नाही. बाईंनी चष्मा काढला आणि अगदी हळू विचारलं, "आणि त्या लुहानच्या मुलीचं काय?"

पोरांना मी बोलायला लावलं, म्हणून चूक माझ्या नावावर टाका आणि तिचा पेपर तपासायला जाऊ द्या, असं टीग म्हणाला. फॉर्मात असा रकाना नाही, हे ओव्हरबीने त्याला दोनदा समजावून सांगितलं.

सातही पेपर रद्द झाले. त्यातले चार-पाच तसेही नापासच झाले असते असं सगळे म्हणतात. यादीराचा पेपर कुणी तपासलाच नाही, त्यामुळे ती पास झाली होती की नाही हे आता कुणालाच कधी कळणार नाही. पुढची परीक्षा जुलैत होती, पदवीदान झाल्यावर. तोवर आत्याने धरलेली जागा दुसऱ्या कुणाला गेली. जुलैत यादीरा परीक्षेला आली नाही.

बाईंनी शिफारस केली नाही. त्यांनी टीगला बोलावून, दार लावून, सभ्यपणे सांगितलं. तुमच्यासारखी माणसं शाळेत हवीत, पण राज्याची चौकशी चालू असताना मी सही केली तर माझ्यावर येईल. टीग म्हणाला, कळतं मला. प्रमाणपत्राच्या कंपनीकडून त्याला सगळ्यांना जातो तसा साच्यातला ईमेल आला, की आपल्या प्रवासात हा केवळ एक थांबा आहे, आणि नव्याने नाव नोंदवायचं असल्यास या उन्हाळ्यात सवलत आहे.

त्याचा करार जूनपर्यंत होता, म्हणून पदवीदानाच्या संध्याकाळी त्याला मैदानाबाहेर गाड्या लावायचं काम दिलं. नारिंगी जाकीट घालून तो धुळीत उभा होता आणि हातातल्या दिव्याने रांगा दाखवत होता. हे काम त्याला उत्तम यायचं. यादीराच्या चुलतभावाचं पदवीदान होतं, त्यामुळे लुहानांची पिकअपही आली. मागच्या हौद्यात यादीरा लहान भावंडांना धरून बसली होती. गाडी त्याच्यापाशी थांबली तेव्हा ती वरूनच बोलली, आवाज न चढवता. मी पाच पावलांवर होतो.

"तुम्ही बोला म्हणालात म्हणून मी बोलले, मिस्टर. तुम्हाला फक्त एकदा गप्प बसायचं होतं."

टीगने दिव्याने चौथी रांग दाखवली. मागे गाड्या तुंबल्या होत्या.

त्या हिवाळ्यात भाव चढला. रचलेल्या रिग पुन्हा उभ्या राहू लागल्या, आमचे तीन शिक्षक आणि एक समुपदेशक ट्रकवर गेले. कंपनीने टीगला बोलावलं. त्याने रोंडाला सांगितलं की रिगवर नाही, यार्डातच आहे, नवीन लोकांना शिकवायचं. रोंडाने विचारलं, जखमी झालेल्यांचा फोन कुणाला येणार? टीग म्हणाला, मलाच. ती खुर्ची ओढून बसली.

यार्डात त्याला एक पोर्टेबल मिळाली आहे, आमच्यापेक्षा नवी. दर सोमवारी वीसेक नवे लोक येतात आणि दोन दिवस तो त्यांना शिकवतो. यासाठी कसलंच प्रमाणपत्र लागत नाही. त्यातले निम्मे आमच्याच हायस्कुलातून पदवी न घेता बाहेर पडलेले असतात, आणि आमच्याकडे कधी ऐकलं नाही इतकं मन लावून ते त्याचं ऐकतात, असं तो सांगतो. कदाचित खरं असेल. आमच्याकडे चूक झाली तर फक्त गुण जातात.

फेब्रुवारीतल्या एका सोमवारी यादीरा आली. टाक्यांवर चढून तेलाची पातळी मोजायच्या कामाला तिने अर्ज केला होता. पुढून दुसऱ्या रांगेत बसली. तिने ओळख दाखवली नाही, त्यानेही दाखवली नाही. वायूबद्दल त्याने नेहमीसारखंच सगळं सांगितलं, काही गाळलं नाही. शेवटी कुणाला काही विचारायचंय का म्हणाला, तेव्हा तिने हात वर केला.

"बूट कंपनी देते का आपले आणायचे?"

"पहिला जोड कंपनी देते."

"माझ्या मापाचा असेल?"

टीग स्वतः कोठारात बघायला गेला. बायकांचं माप तिथे नव्हतंच, कुणी कधी मागवलं नव्हतं. पुरुषांतलं सगळ्यात लहान त्याने आणलं, तिच्यासमोर ठेवलं आणि दोन मोजे एकावर एक घाल म्हणाला. ती बरं म्हणाली आणि खाली वाकून नाड्या सोडू लागली.